एकाच पातेल्यातला खुर्मा

मुलांनो, उर्दूत आपण 'मुँह मीठा करना' असे म्हणतो. मराठीत त्यालाच 'तोंड गोड करणे' म्हणतात. भाषा दोन, पण रीत एकच. कोणी परीक्षेत पास झाले, घरात बाळ जन्मले, भावाला नोकरी लागली, की शेजारी आधी विचारतात, "तोंड कधी गोड करणार?" आपणही पेढ्यांचा पुडा घेऊन चार घरी जातो. 'आमच्या आनंदात तुम्हीही या' हा निरोपच त्या पेढ्यातून पोचतो.

गोड पदार्थांची नावेही पाहण्यासारखी आहेत. 'हलवा' हा शब्द अरबीतून आला. तेथे 'हुल्व' म्हणजे गोड. 'बर्फी'त फारसीतला 'बर्फ' आहे. मराठीतली 'खीर' संस्कृतातल्या 'क्षीर' या शब्दापासून झाली. क्षीर म्हणजे दूध. 'साखर' आणि उर्दूतली 'शकर' या तर एकाच घरातल्या बहिणी आहेत. आणि आपला शीर खुर्मा? फारसीत 'शीर' म्हणजे दूध आणि 'खुर्मा' म्हणजे खजूर. दूध आणि खजूर, एवढेच त्या नावात आहे. साखरेचा त्यात उल्लेखही नाही!

ही गोष्ट मी प्रथम माझ्या अम्मीकडून ऐकली. त्या वेळी ती भाषेचा धडा शिकवीत नव्हती. ती खुर्म्यात साखर किती घालावी, याचा विचार करीत होती. तो विचार तिला का करावा लागला, तेच आज तुम्हांला सांगते.

आम्ही मालेगावचे. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चाले. अब्बा मागावर काम करीत. उभ्याने काम, पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, आणि झोप उडवायला चहा. दिवसातून सहा कप चहा सहज होई. प्रत्येक कपात दोन चमचे साखर. आता तुम्हीच हिशेब करा. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर मावते, असे धरले तर सहा कपांत ६० ग्रॅम साखर झाली. त्यात अजून मिठाई आलेलीच नाही!

पुढे अब्बांना सारखी तहान लागू लागली, थकवा येऊ लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि मधुमेह असल्याचे सांगितले. केवळ साखर खाल्ल्याने हा आजार होतो, असे समजू नका. घराण्यात असलेला आजार, वाढलेले वजन, अपुरी हालचाल अशी त्याची अनेक कारणे असतात. पण एकदा तो झाला, की खाण्यापिण्यावर लक्ष ठेवावेच लागते. आपल्या देशात असे किती लोक असतील? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक आहे. म्हणजे तुमच्या वर्गातही अनेकांच्या घरी कोणाला ना कोणाला हा आजार असेल.

त्या वर्षी ईद आली. अम्मीने दोन पातेली चुलीवर ठेवली. मोठ्या पातेल्यात सर्वांचा खुर्मा आणि छोट्यात अब्बांचा, बिनसाखरेचा. सारे दस्तरखानावर बसले. अब्बांनी आपली वाटी उचलली, दोन चमचे घेतले, "छान आहे," म्हणाले आणि वाटी खाली ठेवली. माझा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याने विचारले, "अम्मी, अब्बांनी काय केलंय? त्यांना वेगळं का दिलंस?"

त्याला ती शिक्षाच वाटली होती. घरात शिक्षा झालेल्या मुलाला मिठाई देत नाहीत, एवढेच त्याला ठाऊक! सगळे हसले. अब्बाही हसले. पण हसून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "माझी वाटी वेगळी का? मी काय या घरात पाहुणा आहे?" मग आमच्याही घशाखाली तो गोड खुर्मा नीट उतरेना.

अशी दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी ईदच्या आधी अम्मीने जाहीर केले, "यंदा पातेलं एकच. सगळ्यांचा खुर्मा कमी साखरेचा."

दादीला हे मुळीच आवडले नाही. ती म्हणाली, "ईदच्या दिवशी हात आखडायचा? लोक म्हणतील, या घरातली साखर संपली की दिल आटलं?"

मुलांनो, दादीचे म्हणणे चुकीचे होते असे मला वाटत नाही. ईदच्या दिवशी दार सर्वांसाठी उघडे असते. आलेल्या माणसाला आपण जे देतो, त्यात घराची अब्रू असते. दादीने गरिबीचे दिवस पाहिले होते. त्या दिवसांत साखर जपून वापरावी लागे. म्हणून सणाला भरपूर साखर घालणे हा तिच्यासाठी सुखाचा दाखला होता.

अम्मी तिला म्हणाली, "अम्मीजान, साखरेची वाटी मी दस्तरखानावर शेजारीच ठेवते. ज्याला हवी त्याने वरून घ्यावी. कोणावर जबरदस्ती नाही. पण पातेलं एकच राहू द्या." दादी काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण खारीक मी भिजवीन. ते काम तुम्हांला जमायचं नाही."

आता त्या खुर्म्याची कृती सांगते. पूर्वी अम्मी १ लीटर दुधात १६० ग्रॅम साखर घालीत असे. शेवया आणि सुका मेवा परतायला ६० ग्रॅम तूप लागे. त्यात मध्यम आकाराच्या आठ वाट्या होत. म्हणजे एका वाटीत २० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल एक सल्ला दिला. दिवसभरात २००० उष्मांक, म्हणजे कॅलरी, घेणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले, असा तो सल्ला आहे. ईदच्या दिवशी चार घरी खुर्मा खाल्ला तर ८० ग्रॅम साखर पोटात जाणार!

अम्मीने साखर एकदम निम्मी केली नाही. पहिल्या ईदला तिने १२० ग्रॅम घातली, पुढच्या ईदला १००, आणि त्यानंतर ८०. याचे कारण समजून घ्या. आपली जीभ सवयीची गुलाम असते. रोज दोन चमचे साखरेचा चहा पिणाऱ्याला एका चमच्याचा चहा कडू लागतो. पण साखर दर आठवड्याला अर्धा अर्धा चमचा कमी करत गेलो, तर जिभेला फारसे कळत नाही. काही आठवड्यांनी तोच जुना चहा दिला, तर "किती गोड केलास!" असे तो माणूसच म्हणतो. अब्बांचा चहा अम्मीने असाच हळूहळू बदलला होता. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण तुम्हांला माहीत आहे. तळे भरते तसे थेंबाथेंबाने रिकामेही करता येते.

साखर कमी केली, मग गोडी कोठून आणायची? तेथे दादीची खारीक कामाला आली. ती आठ-दहा खारका आदल्या रात्री दुधात भिजत घाली. सकाळी बिया काढून अर्ध्या खारका पाट्यावर वाटी आणि अर्ध्यांचे पातळ काप करी. वाटलेली खारीक दुधात मिसळली, की दूध दाट होते आणि गोडही लागते. खारकेत तंतू असतात. नुसत्या साखरेत ते नसतात. नावातल्या खुर्म्याला पुन्हा त्याचा मान मिळाला तो असा.

तुपाचेही तसेच. शेवया भिजतील एवढे तूप लागत नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, कोरड्याच भाजल्या तरी त्या छान तांबूस होतात. शेवटी फक्त एक मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, तूप घालायचे. बदाम आणि चारोळी त्यातच परतायची. तुपाचा वास येतो आणि खुर्म्यावर तवंग येत नाही.

आता थोडे गणित करू. १ ग्रॅम साखरेतून ४ उष्मांक मिळतात आणि १ ग्रॅम तुपातून ९. साखर ८० ग्रॅमने कमी झाली, म्हणजे ३२० उष्मांक वाचले. तूप ४५ ग्रॅमने कमी झाले, म्हणजे ४०५ वाचले. एकूण ७२५. आठ वाट्यांत भागले तर प्रत्येक वाटीमागे सुमारे ९० उष्मांक कमी झाले. जास्त घातलेल्या खारकांनी त्यांतले थोडे परत येतात, हेही खरे. तरीही फरक मोठाच आहे.

अम्मीला आणखी दोन युक्त्या ठाऊक होत्या. तुम्हीही त्या करून पाहा.

पहिली युक्ती नाकाची. चव फक्त जिभेवर असते असे आपल्याला वाटते. नाक घट्ट धरून वेलचीचे दूध प्या. नुसते गोड दूध लागेल. नाक सोडा, लगेच वेलची कळेल. वेलची, केशर, जायफळ यांच्या वासाची आणि गोड पदार्थांची आपल्या मनात जोडी जमलेली असते. त्यामुळे वास आला, की पदार्थ आहे त्याहून गोड वाटतो. म्हणून साखर कमी करताना वेलची कमी करू नये. ती ताजी कुटावी आणि पातेले उतरवताना घालावी, म्हणजे तिचा वास उडून जात नाही.

दुसरी युक्ती उष्णतेची. आइस्क्रीम वितळल्यावर चाखून पाहिले आहे का? ते फारच गोड लागते. साखर तेवढीच असते, पण थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. म्हणून आमच्या घरी खुर्मा कोमटच वाढतात. कोमट खुर्म्याला कमी साखर पुरते.

त्या ईदला काय झाले, ते ऐकायची तुम्हांला उत्सुकता असेल. पाहुणे आले. अम्मीने या वेळी छोट्या वाट्या काढल्या होत्या. ज्याला आणखी हवा त्याला आग्रहाने दुसरी वाटी. दस्तरखानावर साखरेचे भांडेही होते. एका चाचांनी विचारले, "यंदा गोडी जरा हलकी का?" दादीच पुढे होऊन म्हणाली, "खारीक चाखून पाहा, मग बोला." चाचांनी खाल्ले आणि दुसरी वाटी मागितली. काहींनी वरून चमचाभर साखर घेतली. खुद्द दादीनेही घेतली. पण संध्याकाळी पाहिले, तर भांड्यातली साखर फारशी उतरलेली नव्हती.

अब्बांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले होते. त्यांनी एका छोट्या वाटीला परवानगी दिली होती, तीही जेवणानंतर. अब्बांनी ती सावकाश खाल्ली, तळाशी राहिलेला बदामही चमच्याने काढून खाल्ला. धाकट्याने या वेळी काहीच विचारले नाही. विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. दुपारी अब्बा दुसऱ्या घरी ईद मिळायला गेले, तेव्हा तेथे ते चाचांना म्हणाले, "एक वाटी दोघांत घेऊ." त्यामुळे यजमानांचा मानही राहिला आणि पथ्यही मोडले नाही.

अब्बांची प्रकृती केवळ खुर्म्यामुळे सुधारली, असे मी म्हणणार नाही. औषधे, रोजचे चालणे आणि वेळेवर जेवण यांनीच ती ताब्यात राहिली. खुर्म्याने एवढेच केले, की घरातला आजारी माणूस पुन्हा सर्वांच्या पंगतीत बसला.

आमच्या शेजारच्या काकू होळीला पुरणपोळ्या पाठवीत. त्यांच्या घरीही सासऱ्यांना हाच आजार होता. अम्मीचे ऐकून त्यांनी पुरणात जितकी डाळ तितका गूळ हे प्रमाण बदलले. गूळ पाऊण पट केला आणि जायफळ थोडे वाढवले. अम्मीने त्यांना गाजराच्या हलव्याचीही कृती दिली. हिवाळ्यातली लाल गाजरे मुळातच गोड असतात. १ किलो गाजराचा कीस अर्धा लीटर दुधात आटवला, तर खवा लागत नाही आणि १०० ग्रॅम साखरेत भागते. शाही तुकड्याचा पाव तुपात न तळता तव्यावर कुरकुरीत भाजला, तरी तो दूध छान पितो. दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांत अशी देवाणघेवाण बरीच वर्षे चालली.

पण मुलांनो, काही गोष्टींपासून सावध राहा. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला, की पदार्थ मधुमेहींना चालतो, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. गुळात आणि मधातही बहुतांश साखरच असते. खजुरातही भरपूर साखर असते, म्हणून खारकाही मोजूनच घालाव्यात. काजू-बदाम पौष्टिक खरे, पण त्यांत तेल असते, मूठभर पुरे. वजन कमी करण्यासाठी कृत्रिम गोडीच्या गोळ्यांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला आहे. हा सल्ला मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. मधुमेह असलेल्या माणसाने याबाबत आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरे असे, की प्रत्येक पदार्थ हलका करता येत नाही. मुरंब्यात साखर केवळ गोडीसाठी नसते. ती फळातले पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशी येत नाही आणि मुरंबा वर्षभर टिकतो. साखर कमी केली, तर तो लवकर बिघडतो. पाकातल्या बर्फीतही साखर कमी पडली, तर वड्या नीट पडत नाहीत. आणि गुलाबजाम? पाकाशिवाय गुलाबजाम कसला! अशा पदार्थाला हात लावू नये. तो सणासुदीला करावा, एकच घ्यावा आणि आवडीने खावा. 'अति तेथे माती' ही म्हण गोडाला लागू आहे, तशीच काटकसरीलाही लागू आहे.

आता तुमच्यासाठी एक काम. या आठवड्यात तुमच्या घरी चहात किती साखर पडते, ते चमच्याने मोजा. घरातल्या माणसांच्या संख्येने भागा आणि उत्तर वहीत लिहा. मग अम्मी, आई किंवा घरात जो चहा करत असेल त्याला विचारून, सर्वांच्याच कपात अर्धा चमचा साखर कमी करून पाहा. कोणा एकाच्या कपात नको. ज्याला पथ्य आहे, त्याला वाटले पाहिजे की आपण एकटे नाही.

आणि पुढच्या ईदला किंवा दिवाळीला तुमच्या घरी पातेले चुलीवर चढेल, तेव्हा स्वयंपाकघरात जा. खारका भिजवण्याचे काम मागून घ्या. मोठी माणसे साखर मोजू लागली, की त्यांना विचारा, "आज दस्तरखानावर कोण कोण बसणार आहे?" त्या उत्तरावरून साखर किती घालायची, ते ठरवा.